कोळंबीच्या कवचाचे कायटोसॅन: भुकटी घ्यावी, बाटली तपासून घ्यावी

कोळंबीच्या कवचापासून काढलेले आणि पिकांची संरक्षण-यंत्रणा जागी करण्यासाठी फवारले जाणारे कायटोसॅन आता कृषी सेवा केंद्रांत आणि ऑनलाइन दुकानांत दोन रूपांत मिळते: पांढुरकी भुकटी आणि लिटरच्या बाटलीतील द्रव. त्याच्याच शेजारी शुद्धीकरण न केलेला, नुसता वाळवून दळलेला कवचांचा चुराही गोणीने विकला जातो. रत्नागिरीजवळच्या आमच्या हापूसच्या बागेत, मिरचीच्या वाफ्यांत आणि माडांच्या आळ्यांत गेला हंगामभर मी हे तिन्ही प्रकार वापरले. भुकटी मला पसंत पडली, चुरा किमतीच्या मानाने फारच चांगला निघाला, आणि बाटलीबंद द्रवाबद्दल मात्र जपून लिहावे लागेल, कारण एकाच नावाखाली अगदी वेगवेगळा माल विकला जात आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दामच देत नाही. या मालात नाव पाहून नव्हे, तर विश्लेषण-पत्र, म्हणजे मालाच्या तपासणीचे आकडे देणारा कागद, पाहून खरेदी करावी, असे माझे मत आहे.

कोळंबीचे डोके आणि कवच मिळून तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग होतो. घरी किलोभर कोळंबी सोलणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, पण निर्यातीचे आकडे पाहिले की या निम्म्याचा आवाका लक्षात येतो: २०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशी गेली. त्यातली सगळीच सोललेली नसते, तरी डोकी बहुतेक इथेच राहतात आणि डोक्यातील पाचकग्रंथीच्या विकरांमुळे तीच सर्वांत आधी कुजतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या किंवा मुंबईच्या ससून डॉकच्या आसपास उन्हाळ्यात दुपारी फिरलेल्या माणसाला यापुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. कवच ताजे असतानाच वाळवले किंवा प्रक्रियेला घेतले तर त्यातून फिकट, चिकट आणि उपयोगी कायटोसॅन मिळते. दिवसभर ढिगात पडलेल्या कवचापासून मिळणारा माल काळपट असतो आणि त्याचा चिकटपणाही कमी भरतो. म्हणून भुकटीचा रंग हा केवळ दिखाऊपणाचा मुद्दा नाही. माझ्या पिशवीतील भुकटी फिकट दुधी रंगाची होती, तिला किंचित सुकटीसारखा वास होता आणि तो मला दोष वाटला नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याकडचा नमुना तपकिरी होता आणि तो मी परत केला.

वाळलेल्या कवचात ढोबळमानाने सारख्याच प्रमाणात प्रथिने आणि चुनखडी म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट, आणि एकूण वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके कायटिन, म्हणजे कवचाला बळकटी देणारा लांब साखळ्यांचा पदार्थ, असते. शिवाय अ‍ॅस्टाझँथिन नावाचे तांबडे रंगद्रव्य असते. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे दिसत नाही आणि कढईत तापल्यावर मोकळे होऊन कवच लाल करते. कारखान्यात सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडी विरघळवतात आणि उरलेले कायटिन ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात तापवून त्याचे कायटोसॅन करतात. या शेवटच्या पायरीत कायटिनच्या साखळीवरील अ‍ॅसिटिल गट निघून जातात. ते किती टक्के निघाले यावर माल सौम्य आम्लात विरघळणार की नाही हे ठरते. साधारण पाऊणपेक्षा जास्त निघाले असतील तर विरघळतो.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. कोची येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत कोळंबीच्या टाकाऊ भागापासून कायटिन आणि कायटोसॅन काढण्याचे काम १९७० च्या दशकातच झाले होते. तरीही शेतकऱ्याच्या हातात ही पिशवी पडायला एवढी वर्षे लागली. मधल्या काळात हा माल प्रामुख्याने पाणी शुद्धीकरण, औषधनिर्मिती आणि सौंदर्यप्रसाधने यांकडे गेला. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांपासून ते वजन घटवण्याच्या गोळ्यांपर्यंत त्याचे उपयोग झाले. त्यांपैकी पट्ट्यांचा उपयोग खरा आहे. गोळ्यांनी होणारी वजनाची घट इतकी किरकोळ असते की त्यावर पैसे घालवू नयेत.

पिशवीवर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का होता. त्यावर माझा आक्षेप आहे आणि तो साध्या हिशोबाचा आहे. किलोभर वाळलेल्या कवचात ४०० ग्रॅम चुनखडी धरली, तर ती विरघळवण्यासाठी सुमारे २९० ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. बाजारात मिळणाऱ्या तीव्र आम्लाच्या भाषेत ते पाऊण किलोच्या वर जाते. त्यातून कॅल्शियम क्लोराइडचे खारट पाणी तयार होते आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. त्यात कॉस्टिक सोडा आणि प्रत्येक पायरीनंतर सामू उदासीन होईपर्यंत धुण्याचे पाणी मिळवा. एवढे करून हाती येते ते दोनशे-अडीचशे ग्रॅम कायटिन, आणि त्याचे कायटोसॅन करताना आणखी पाचवा हिस्सा वजन घटते. याशिवाय, प्रथिने आणि ते तांबडे रंगद्रव्य, जे मत्स्यखाद्यात चांगल्या किमतीला विकले जाऊ शकते, बहुतेक ठिकाणी कॉस्टिकच्या सांडपाण्याबरोबर गटारात जाते. दुग्धाम्ल जिवाणूंनी कवच आंबवण्याची पद्धत याहून सौम्य आहे: जिवाणूंचे आम्ल चुनखडी विरघळवते, विकरे प्रथिने मोकळी करतात आणि निथळलेला द्रव खाद्य म्हणून वापरता येतो. तिला वेळ अधिक लागतो आणि कायटिन तितके स्वच्छ निघत नाही. माझ्या पिशवीतील माल कोणत्या पद्धतीने काढला होता हे छापलेले नव्हते. विचारल्यावर उत्पादकाने आम्ल-अल्कलीची नेहमीची पद्धत असल्याचे सरळ सांगितले, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. कचऱ्यातून माल काढला म्हणून तो आपोआप निर्मळ ठरत नाही, पण उत्पादक आपली पद्धत लपवत नसेल तर त्याच्याशी बोलता तरी येते.

आता भुकटीच्या वापराकडे वळतो. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, आणि ही गोष्ट पिशवीवर ठळक अक्षरांत हवी होती. ती मागच्या बाजूला, बारीक टायपात होती. लिटरभर द्रावणासाठी मी दहा ग्रॅम भुकटी, पाव लिटर पांढरे व्हिनेगर आणि पाऊण लिटर पाणी असे प्रमाण ठेवतो. व्हिनेगर चार टक्क्यांचे असते, त्यामुळे द्रावणात एक टक्का अ‍ॅसेटिक आम्ल येते आणि तेवढे पुरते. प्लास्टिकची बादली घ्यावी, अ‍ॅल्युमिनियमचे पातेले घेऊ नये. भुकटी एकदम ओतली तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात आणि त्यांच्या आतली भुकटी कोरडीच राहते. ती चिमटीने भुरभुरवत, सतत ढवळत सोडावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी द्रावण फिकट पिवळसर आणि पातळ पाकाइतके दाट झालेले असते. ते मलमलीतून गाळल्यावर कापडावर काय उरते ते नीट पाहावे, कारण मालाची परीक्षा तिथेच होते. पारदर्शक फुगीर पापुद्रे राहिले असतील तर ते पुरते रूपांतर न झालेले कायटिन; व्हिनेगर घालताना फेसाचे बुडबुडे आले असतील तर चुनखडी मागे राहिलेली आहे; तळाशी करकरीत कण बसले असतील तर कवचे वाळूवर वाळवलेली आहेत. माझ्या मालात पापुद्रे थोडे होते, बुडबुडे नव्हते आणि वाळू अजिबात नव्हती. विक्रेत्याकडे विश्लेषण-पत्र मागितले तेव्हा त्याने ते कुरकुर न करता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि त्यातील आकडे या निरीक्षणांशी जुळणारे होते.

बाटल्या मी दोन कंपन्यांच्या घेतल्या. पहिलीवर ‘कायटोसॅन ५ टक्के’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि द्रव दाट होता. दुसरीवर ‘कायटोसॅन-आधारित वृद्धिवर्धक’ एवढेच होते. टक्केवारी नव्हती, द्रव पाण्यासारखा वाहत होता आणि झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला. दुकानदाराने मला समजावले, “सर, हे टॉनिक आहे, कशातही मिसळा, काहीही फवारा, फरक दिसतोच.” घरी आल्यावर मी दोन्हींची एक सोपी चाचणी घेतली, जी कोणालाही करता येईल. काचेच्या पेल्यात दोन चमचे द्रव घेऊन त्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी थोडे थोडे घालत जावे. आधी फसफसते, आणि आम्लपणा संपला की कायटोसॅन विरघळलेले राहू शकत नाही. कापसासारखे पांढरे पुंजके बाहेर पडतात. पहिल्या बाटलीतील द्रवात पुंजके लगेच आले. दुसऱ्यात फसफसणे थांबल्यावरही पेला स्वच्छच राहिला. न्यायाने सांगायचे तर कायटोसॅनच्या साखळ्या अगदी लहान तुकड्यांत तोडलेले प्रकारही असतात, ते साध्या पाण्यातही विरघळतात आणि या चाचणीत खाली बसत नाहीत. पण तसा माल असेल तर लेबलवर ते लिहायला हवे, कारण तो अधिक महाग असतो आणि कोणताही विक्रेता ती गोष्ट सांगायला विसरणार नाही. कंपनीला विचारणा केल्यावर उत्तरादाखल लालबुंद टोमॅटोंचे एक रंगीत पत्रक आले. उरलेला द्रव मी वापरला नाही.

द्रव बाटलीचा सौदा किमतीतही तपासून पाहावा. पाच टक्क्यांची बाटली मला साडेसातशे रुपयांना पडली आणि तिच्यात ५० ग्रॅम कायटोसॅन असते. पाव किलोची भुकटी सहाशे रुपयांना मिळाली; म्हणजे तेवढ्याच ५० ग्रॅमला १२० रुपये, आणि व्हिनेगरचे शंभरएक रुपये धरले तरी सव्वादोनशेच्या आत काम होते. बाटलीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की गाळण्याची आणि रात्रभर थांबण्याची कटकट वाचते, आणि मोठ्या बागेत पंपाची टाकी भरताना ती वाचणे महत्त्वाचे ठरू शकते.

फवारणीसाठी मी लिटरला एक ग्रॅमपेक्षा जास्त कायटोसॅन जाऊ देत नाही. हे बुरशीनाशक नव्हे. कायटिन हा अनेक बुरश्यांच्या पेशीभित्तीचाही घटक आहे, त्यामुळे त्याचे तुकडे जवळ आले की वनस्पती बुरशीचा हल्ला झाल्याप्रमाणे आपली संरक्षण-यंत्रणा जागी करते. कायटोसॅनचा मुख्य फायदा या आगाऊ सावधगिरीत आहे. रोग दिसल्यानंतर फवारून उपयोग फारसा होत नाही, हे मिरचीवर स्पष्ट दिसले. रोपे लहान असताना ज्या वाफ्यांवर फवारले तिथे रोपे कोलमडण्याचे प्रमाण शेजारच्या न फवारलेल्या वाफ्यांपेक्षा कमी होते, पण बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) आलेल्या झाडांवर काडीचाही फरक पडला नाही आणि पडण्याचे कारणही नव्हते, कारण तो फुलकिड्यांचा आणि विषाणूंचा प्रश्न आहे. ‘कशातही मिसळा’ हा दुकानदाराचा सल्ला तर पूर्ण चुकीचा आहे. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण अल्कधर्मी असते, त्यात कायटोसॅन साकळून नोझल बंद होते. समुद्रशैवालाच्या अर्कातील घटकांवर ऋण भार असतो आणि कायटोसॅनवर धन भार, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की चिकट गोळे होतात. जांभ्यातल्या विहिरीचे आमचे पाणी मऊ असल्यामुळे द्रावण नीट राहते. देशावर बोअरच्या जड पाण्यात मिसळणाऱ्यांनी आधी एका पेल्यात प्रयोग करून पाहावा आणि गरज पडल्यास व्हिनेगर वाढवावे.

हापूसवरचा प्रयोग हा या खरेदीतला सर्वांत समाधानाचा भाग होता. एकाच झाडाची, एकाच दिवशी, देठ ठेवून उतरवलेली फळे घेऊन त्यांतली अर्धी एक टक्क्याच्या द्रावणात बुडवली, पंख्याखाली सुकवली आणि मग दोन्ही वाटे पेंढ्यात वेगवेगळ्या अढ्या लावून ठेवले. सुकल्यावर फळावर जेमतेम जाणवेल असा तलम थर राहतो. तो फळाच्या श्वसनाला आवर घालतो, पाण्याचे बाष्पीभवन कमी करतो आणि करप्याच्या बुरशीलाही अडवतो. बुडवलेली फळे दोन-चार दिवस उशिरा पिकली, सुरकुतली नाहीत, आणि पिकताना सालीवर उमटणारे काळे डाग त्यांच्यावर ठळकपणे कमी होते. रंग मात्र साध्या अढीतल्या फळांइतका सारखा चढला नाही. देठाकडे हिरवट झाक राहिली. उत्साहाच्या भरात काही फळांना दुहेरी थर दिला होता, त्यांना आंबूस वास आला, कारण थर जाड झाला की आत प्राणवायू पुरत नाही आणि गर आंबू लागतो. साका झालेले, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेले, फळ बुडवल्याने सुधारत नाही, तो दोष झाडावरच आत तयार झालेला असतो. चवीबद्दल घरात मतभेद झाले: माझ्या मते एकेरी थराच्या फळात काहीच फरक नव्हता, तर आमच्या वहिनींच्या मते सुगंध किंचित उणा होता, आणि आंब्याच्या बाबतीत त्यांचे नाक माझ्यापेक्षा तरबेज आहे. लांबच्या प्रवासाला पाठवायच्या फळांसाठी मी ही रीत पुन्हा वापरीन. घरी खायच्या पेटीसाठी वापरणार नाही.

मात्र शेतीसाठी विकली जाणारी भुकटी फळ बुडवायला घेऊ नये. त्यासाठी खाद्य दर्जाची, जड धातूंची तपासणी केलेली भुकटी वेगळी मिळते आणि ती महाग असते. मी ती वेगळीच घेतली आणि प्रयोगही घरच्या फळांपुरताच ठेवला. विक्रीच्या फळांवर कोणता लेप चालतो याचे अन्नसुरक्षेचे नियम आहेत आणि ते पाहिल्याशिवाय व्यापाऱ्याने यात पडू नये. युरोपीय संघाने कायटोसॅन हायड्रोक्लोराइडला २०१४ मध्येच पीकसंरक्षणासाठी मूलभूत पदार्थ (मुख्यतः इतर कामांसाठी विकला जाणारा, पण पिकांवरही चालणारा) म्हणून मान्यता दिली आहे, आणि काढणीच्या तोंडावर रासायनिक अंशाची धास्ती असलेल्या निर्यातक्षम द्राक्षबागांत त्याला मागणी आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव-उत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारी अशी उत्पादने, खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली, त्यामुळे ‘टॉनिक’ म्हणून काहीही बाटलीत भरून विकण्याचे दिवस कागदोपत्री तरी संपले आहेत. दुकानात पावती मागा, घटकांची टक्केवारी वाचा आणि ती नसेल तर बाटली खाली ठेवा.

लेबलवर आणखी एक उणीव जाणवली. हा माल कोळंबी-खेकड्यांपासून आला आहे हे पिशवीच्या दर्शनी भागावर कुठेही नाही. ज्यांना कवचवर्गीय मासळीची अ‍ॅलर्जी आहे त्यांना, आणि ज्यांच्या घरात किंवा ज्यांच्या गिऱ्हाइकांत मांसाहार वर्ज्य आहे त्यांना, हे आधी कळायला हवे. बुरशीपासून काढलेले कायटोसॅनही बाजारात असते, ते अशांसाठी पर्याय ठरू शकते. तसेच मूळ माल कुठला, हेही लिहिलेले नसते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही उत्पादन चालू असते, त्याअर्थी रत्नागिरीत खरेदी केलेली भुकटी मिरकरवाड्याच्या कोळंबीची असेलच असे नाही. आंध्रातील तळ्यांत वाढवलेल्या व्हेनामी जातीच्या कोळंबीची कवचे बाराही महिने मुबलक मिळतात.

राहिला चुरा. पंचवीस किलोची गोणी मला पाचशे रुपयांना मिळाली आणि तिच्यात कोणताही रासायनिक खटाटोप नाही. कायटिनमध्ये वजनाच्या सुमारे सात टक्के नत्र असते, ते जमिनीतील जिवाणू सावकाश मोकळे करतात, आणि कायटिन खाणाऱ्या या जिवाणूंची संख्या वाढली की मुळांवरच्या सूत्रकृमींनाही त्रास होतो, कारण त्यांच्या अंड्यांच्या आवरणात कायटिन असते. चुनखडी आमच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला उपयोगीच पडते. माडाला मासळीचे खत घालण्याची कोकणातली जुनी चाल आहेच, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना हा माल समजावून सांगावा लागला नाही. घेताना चिमूटभर चुरा पाण्यात टाकून पाहावा: वाळू लगेच तळाशी जाते, आणि वरचे पाणी जिभेला फार खारट लागले तर गोणी घेऊ नये. रोपांच्या मुळाशी ताजा चुरा देऊ नये, कारण कुजताना अमोनिया सुटतो. माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून हातभर अंतरावर, पावसाच्या आधी द्यावा आणि किमान वीतभर मातीखाली गाडावा. आम्ही पहिल्यांदा चार बोटे मातीवर भागवले, तेव्हा वाडीतल्या कुत्र्यांनी एका रात्रीत तीन आळी उकरली. यंदा गाडल्यावर वर झावळ्या आणि दोन-दोन चिरे ठेवले आहेत, आणि पुढच्या मे महिन्यासाठी चार गोण्यांची नोंदणी केली आहे.